आपलीच माणसं आपल्याला विकणारी फ्रँचायझी

धानोऱ्याहून खालाच्या मुलाचा फोन आला. निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाचं नियोजन करून देणाऱ्या एका कंपनीची फ्रँचायझी तो घेणार होता. ५ लाख भरायचे. बदल्यात पाटी, तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि सॉफ्टवेअर. "भाईजान, तुम्ही इंजिनीअर आहात. सॉफ्टवेअर तेवढं बघून सांगा."

बघितलं. आत साधं चक्रवाढीचं गणित, एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होणारं. दरमहा ५ हजार, २५ वर्षं, १२ टक्के परतावा: सुमारे ९५ लाख. मी १२चे ८ केले. रक्कम ४८ लाखांवर आली. माहितीपत्रकात मात्र १२चाच आकडा.

"पहिली गिऱ्हाइकं कोण?" मी विचारलं. यादी तयार होती: शिक्षक मामू, एसटीतले फुफा, मशिदीत भेटणारे दोघे-तिघे. म्हणजे कंपनी ५ लाख घेऊन त्याला त्याचीच माणसं विकत होती. उद्या पैसे बुडाले तर कंपनीला कोण विचारणार? मामू याच्याच दारात येणार.

हे काम करूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या गॅरेजवाल्याला, शिंप्याला, शेतमजुराला पेन्शन नाही; म्हातारपणाची तरतूद म्हणजे मुलगा. त्यांना समजावणारा माणूस हवाच. पण म्युच्युअल फंडाचा वितरक व्हायला फ्रँचायझी लागत नाही. एनआयएसएमची परीक्षा द्या, ॲम्फीकडून स्वतःच्या नावावर एआरएन घ्या. खर्च काही हजारांत. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर सेबीकडे वेगळी नोंदणी लागते. अटल पेन्शन योजना तर १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसाला थेट बँकेत मिळते: साठीनंतर दरमहा १ ते ५ हजार.

कोणी 'हलाल नफा' म्हणत आला, तर बंगळुरूची आयएमए आठवा. त्याच शब्दांवर विश्वास ठेवून हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे गुंतवले आणि जून २०१९मध्ये ते अडकले. व्याज टाळायचं असेल, तर शरियतच्या निकषांवर चालणारे सेबी-नोंदणीकृत फंड आहेत. त्यांतही चढउतार असतोच.

तरीही फ्रँचायझी घ्यायचीच, तर तीन प्रश्न विचारा. नोंदणी कोणाच्या नावावर? उद्या सोडली, तर गिऱ्हाईक कोणाचं? कंपनीची कमाई गिऱ्हाइकांच्या कामातून होते, की नव्या फ्रँचायझींच्या पैशांतून?

भावाला यांतल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही. आता तो परीक्षेचा अभ्यास करतोय. मी एवढंच सांगितलं: कोणाकडेही जाशील, तेव्हा ८ टक्क्यांचा आकडा आधी दाखव.