गुप्तरोगातले ‘गुप्त’

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपला अंक आजी-आजोबांपासून कॉलेजातल्या नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या हाती पडतो, म्हणूनच तो इथे मांडतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लैंगिक आरोग्यावर मराठीत उघडपणे लिहिले म्हणून त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. आज अमेरिकेतल्या आपल्या घरांत तरी हा विषय निघतो का?

सीडीसीच्या अंदाजानुसार २०१८ साली या देशात लैंगिक संसर्गाची सुमारे २ कोटी ६० लाख नवी प्रकरणे झाली. त्यांतली जवळजवळ निम्मी १५ ते २४ या वयोगटातली होती. निरोध न वापरणे किंवा कधीमधीच वापरणे, एकाहून अधिक जोडीदार, दारूच्या नशेत घेतलेले निर्णय ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. शिवाय कोवळ्या वयात मुलींच्या गर्भाशयमुखाला क्लॅमिडियाची लागण लवकर होते.

मला काळजी वाटते ती लपवण्याची. क्लॅमिडियाची बहुतेक वेळा काहीच लक्षणे दिसत नाहीत. वेळीच कळला तर तो अँटिबायोटिकने बरा होतो. अंगावर काढला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. म्हणून लैंगिक संबंध असलेल्या २४ वर्षांपर्यंतच्या मुलींनी दरवर्षी तपासणी करावी, असे डॉक्टर सांगतात. पण मुले २६ वर्षांपर्यंत आपल्याच विम्यावर असतात. विमा कंपनीचे पत्र घरी येईल, आई-बाबा ते उघडतील, या धास्तीने तपासणीच टळते. म्हणजे घरातला धाक हेही आजार वाढण्याचे एक कारण ठरते.

तरुण मित्रांनो, हे पत्र दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, अशी विनंती विमा कंपनीला करता येते. अठरा वर्षांखालील मुलांनाही बहुतेक राज्यांत स्वतःच्या संमतीने ही तपासणी करून घेता येते. काही राज्यांत त्यासाठी किमान वय ठरलेले आहे.

आणि पालकहो, एचपीव्हीची लस अकराव्या-बाराव्या वर्षी द्यायची असते. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देते. मुलग्यांनाही ती घ्यायची असते. ‘इतक्या लहान वयात कशाला? मुलांना मोकळीक दिल्यासारखे होईल,’ असे काहीजण म्हणतात. हेपटायटिस बीसुद्धा लैंगिक संबंधातून पसरतो. तरी त्याची लस आपण तान्ह्या बाळांना देत आलो.

पुढच्या वार्षिक तपासणीला मुलांबरोबर जाल, तेव्हा दहा मिनिटे बाहेर बसा. डॉक्टरांशी त्यांना एकट्याने बोलू द्या. घरी येताना गाडीत ‘काय बोललास?’ असे मात्र विचारू नका. ‘कधी काही झाले तर आधी मला सांग, मी रागावणार नाही,’ एवढे म्हणा आणि तो शब्द पाळा.