टाइप न लिहिणे म्हणजे ढिलाई नव्हे



‘टाइप लिहायचा कंटाळा’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. टाइप लिहिला नाही म्हणजे तो तपासलाच जात नाही, हे त्यातलं गृहीतकच चुकीचं आहे. जावाच्या दहाव्या आवृत्तीत, २०१८ साली, टाइपच्या जागी लिहायचा ‘व्हार’ हा शब्द आला. ‘व्हार वय = ३०’ असं लिहून पुढच्या ओळीत वयात कुणाचं नाव भरून बघा; प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. उजवीकडच्या किमतीवरून कंपायलरने टाइप ठरवला की तो पक्का. म्हणूनच त्या पत्रात पायथॉनशी केलेली तुलना इथे लागूच पडत नाही. रॉबिन मिल्नर यांनी तर १९७८ च्या शोधनिबंधातच प्रोग्रॅममधले टाइप कंपायलरला स्वतः कसे शोधता येतात, ते सिद्ध करून दाखवलं होतं.

पत्रलेखकांची एक भीती मात्र रास्त आहे. जावात ‘व्हार’ने रिकामी ॲरेलिस्ट केली आणि टोकदार कंस रिकामे सोडले, तर कंपायलर घटकांचा टाइप ‘ऑब्जेक्ट’ धरतो. मग आकड्यांच्या यादीत मजकूरही बिनबोभाट शिरतो! अशा ठिकाणी टाइप लिहायलाच हवा.

पण म्हणून ओळीओळीला सक्ती कशाला? रस्टमध्ये फंक्शनचे पॅरामीटर आणि परत येणारी किंमत यांचे टाइप लिहावेच लागतात, आतल्या व्हेरिएबलना बहुतेक वेळा सूट असते. मला ही विभागणी सर्वांत पटते. फंक्शन वापरणाऱ्याला त्याची पहिली ओळ वाचून काम भागवता आलं पाहिजे. आतला हिशेब कंपायलरने खुशाल करावा.

— एक प्रोग्रॅमर वाचक, पुणे