विश्लेषण : पेजमेकर सोडायचा, पण जुन्या मराठी फाईलचं काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चं नियमित पाठबळ थांबवलं. लहान गावांतल्या डीटीपी केंद्रांपुढे यातून वेगळाच प्रश्न उभा राहतो. अनेक ठिकाणी जुन्या संगणकावर अजून पेजमेकर चालतो. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. संगणक बदलला की सॉफ्टवेअरही नव्याने निवडावं लागतं.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं कडा हे नगर-बीड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. अशा गावात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं वर्षभर छापली जातात. खरी कसोटी लागते ती पतसंस्था आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालाच्या वेळी. त्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे गेल्या वर्षीची फाईल उघडून आकडे बदलणं हाच नेहमीचा मार्ग. ती फाईल उघडलीच नाही, तर सगळा अहवाल नव्याने टाईप करावा लागतो.

अडचण नेमकी कुठे?

श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. म्हणजे फाईलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं; मराठी दिसते ती केवळ फॉन्टमुळे. फॉन्ट काढला की निरर्थक अक्षरांची रांग उरते. व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर मात्र युनिकोडमध्ये असतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही; तिथे तो पेस्ट केला की प्रश्नचिन्हं उमटतात. मग ऑपरेटर एक तर पुन्हा टाईप करतो, नाहीतर कन्व्हर्टर वापरतो.

म्हणून नवं सॉफ्टवेअर निवडताना पहिली अट युनिकोड मराठी नीट मांडण्याची हवी. बाकी सुविधा नंतर.

मग पर्याय कोणते?

कोरलड्रॉमध्ये २०१२ च्या एक्स-६ आवृत्तीपासून ही सोय आहे. पत्रिका आणि फ्लेक्ससाठी तो पुरतो, पण साठ पानांच्या अहवालासाठी तो त्रासाचा.

इनडिझाईन तक्त्यांसाठी उत्तम, आणि अहवालात ताळेबंद म्हणजे तक्तेच. त्यात ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडावा लागतो. तो न निवडल्यास वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. अनेकजण इथेच अडकून ‘यात मराठी चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात. मुख्य अडचण पैशांची. सीएस-६ नंतर तो फक्त वर्गणीवर मिळतो, आणि वर्गणी संपली की आपलीच फाईल उघडत नाही.

स्क्रायबस मोफत आहे आणि छपाईसाठी लागणारी सीएमवायके पीडीएफ देतो. जुन्या १.४ मध्ये देवनागरी मोडत असे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती नीट बसते. तक्त्यांच्या बाबतीत मात्र तो अजून कच्चा आहे. स्मरणिका किंवा माहितीपत्रकाला चालेल. पतसंस्थेच्या अहवालाला आधी दोन पानं करून पाहिलेली बरी.

कोणताही पर्याय निवडला तरी एक ओळ टाईप करून, पीडीएफ करून, छापून पाहावी : ‘शेतकऱ्यांच्या सर्व्हिस सोसायटीची शिल्लक’. ‘ऱ्या’, रफार, वेलांटी सगळं त्यात येतं. मराठी वळणाचे ‘श’ आणि ‘ल’ हवे असतील तर मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवावी लागते, आणि फॉन्टमध्येही ती अक्षरं असावी लागतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट त्यासाठीच आहे.

जुन्या फाईलींचं काय?

इनडिझाईन सीएस-६ पर्यंत पेजमेकर ६ आणि ७ च्या फाईली उघडत असे. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही सोय राहिली नाही. म्हणून जुना संगणक भंगारात घालण्याची घाई करू नये. इंटरनेट तोडून तो फक्त या फाईलींपुरता ठेवता येतो. येत्या सप्टेंबरला लागणारे अहवाल आधी, कामाची घाई नसताना युनिकोडमध्ये आणून घ्यावेत. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत चुकतोच. पण मोठा धोका इंग्रजी मजकुराचा : आयएफएससी कोड किंवा ईमेल पत्ता हीही त्याला मराठीच वाटते, आणि तो त्याचं रूपांतर करून टाकतो. मुद्रितशोधन करताना अशा जागा मूळ छापील अहवालाशी ताडून पाहाव्या लागतात.