टेकडीपर्यंत पॅडल मारत

माउंटन बाइकिंग करायचं तर आधी मोटार हवी, असं आम्हाला अनेक तरुण वाचक सांगतात. पुण्यात तरी हे खरं नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ऐन शहरात आहे. पाषाण, गोखलेनगर, पौड रस्ता, कुठूनही सायकलवरच तिथल्या मुरमाड वाटांना लागता येतं. वाटा शोधायच्या तर रोज फिरायला येणाऱ्या आजोबांना विचारावं; कुठली वाट खाणीकडे जाते आणि कुठली काट्यात संपते, हे नकाशापेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. सकाळी मात्र वाट चालणाऱ्यांची. आणि ओल्या मातीत सायकल घालूच नये, चाकोऱ्यांतून पाणी वाहून घळी पडतात.

लांब जायचं असेल तर लोणावळा लोकल आहे. स्टेशनवरून तुंगार्लीमार्गे राजमाचीचा कच्चा रस्ता मन भरून दमवतो. लोकलमध्ये सायकलीला हक्काची जागा मिळायलाच हवी.

२०२३ मध्ये वेताळ टेकडी फोडून रस्ते काढू नयेत म्हणून पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्या मोर्चात सायकलस्वारही असणं आम्हाला स्वाभाविक वाटतं. या अंकात टेकडीवर चढणाऱ्या वाटांचा नकाशा दिला आहे, प्रत्येक वाटेजवळच्या बसथांब्यासह.