गोरेपणाची मागणी कुणाची?

लग्नसराई आली की आपल्या धर्मग्रामांत एका विषयावर टीकेची सरबत्ती ठरलेलीच असते. तो विषय म्हणजे नववधूचा मेकअप. पूर्वीच्या मुली हळदीच्या अंगाने आणि अबोलीच्या गजऱ्याने वेदीसमोर उभ्या राहत, आता मात्र पहाटेपासून ब्युटिशियन लागते. साधेपणा गेला, दिखाऊपणा आला, असे वडीलधारी मंडळी बोलतात. काही वेळा हा सूर प्रवचनातूनही उमटतो. वेण्या आणि दागिने यांविषयी पेत्राच्या पहिल्या पत्रात जो उपदेश आहे, त्याचा आधारही घेतला जातो. या टीकेशी आम्ही सहमत नाही. साप सोडून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे, आणि भुई म्हणून जिला धोपटले जाते ती बहुधा स्वतःच्या हातावर पोट भरणारी एक कष्टकरी स्त्री असते.

नसरापूर परिसराचेच उदाहरण घ्या. पुणे-सातारा महामार्गालगत मंगल कार्यालये आणि लॉन्स उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर एक नवा व्यवसाय भोर-वेल्ह्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचला. दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी अभ्यासक्रम पूर्ण करते, घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची मांडते व पार्लर सुरू करते. लग्न सकाळचे असेल तर ती अंधारातच जड पेटी घेऊन वधूच्या घरी पोहोचते. चेहरा स्वच्छ करणे, त्वचेच्या रंगाशी जुळणारे फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून पारखणे, अंबाडा बांधणे, गजरा माळणे, साडीच्या निऱ्या बसवणे किंवा झग्यावरील व्हेल पक्का करणे, ही दोन-तीन तास उभ्याने करावयाची कामे आहेत. जी जाणती असते ती आधीच कानामागे थोडे प्रसाधन लावून दिवसभर थांबते, पुरळ उठत नाही याची खात्री करून घेते, आणि प्रत्येक वधूसाठी ब्रश धुऊनच वापरते. या श्रमाला नखरा म्हणणे हा श्रमाचा अपमान आहे.

शृंगार हा आपल्या परंपरेला परका नाही. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ असतो आणि वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात उंबराचे पाणी वाजतगाजत आणले जाते. पवित्र शास्त्रातील एस्तेरची कथा सर्वांना ठाऊक आहे. राजासमोर जाण्यापूर्वी बारा महिने, त्यांतील सहा गंधरसाच्या तेलाने आणि सहा सुगंधी द्रव्यांनी, तेथील कन्यांवर सौंदर्योपचार होत. तीच एस्तेर पुढे आपल्या लोकांसाठी जिवावर उदार झाली. चेहऱ्याला लेप लावल्याने माणसाचे अंतःकरण पोकळ होते हे मत शास्त्रातूनही सिद्ध होत नाही आणि अनुभवातूनही नाही.

याच व्यवसायाची दुसरी बाजूही पाहावी. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकार आणि केशभूषाकार यांची एक संघटना आहे. तिच्या नियमांनुसार कित्येक दशके स्त्रीला केवळ केशभूषेचे काम करता येत असे. रंगभूषाकाराचे सदस्यत्व पुरुषांसाठी राखीव होते. स्त्रिया या कामात आल्या तर पुरुषांची रोजीरोटी जाईल, असे त्याचे समर्थन केले जाई. चारू खुराणा या प्रशिक्षित रंगभूषाकार स्त्रीने या नियमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांनी १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा निर्बंध घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही त्याच निकालाने रद्द झाली. म्हणजे जेथे पैसा आणि प्रतिष्ठा होती तेथे हे काम ‘कला’ होते आणि पुरुषांनी ते स्वतःकडे राखले. तेच काम गावच्या मुलीच्या हाती आले की त्याला आपण थिल्लरपणा म्हणतो. हा न्याय कोणता?

मग साप कोणता? आमच्या मते तो गोरेपणाच्या मागणीत दडलेला आहे, आणि ती मागणी पार्लरमध्ये जन्माला येत नाही. ती आपल्या बैठकीच्या खोलीत जन्मते. मुलगी पाहायला येणारी मंडळी रंग विचारतात. मावशी सुचवते, “जरा उजळ दिसू दे.” फोटोंसाठी म्हणून आई ब्युटिशियनला दोन छटा फिकट फाउंडेशन लावायला सांगते. परिणामी चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची होते, छायाचित्रात वधू राखेसारखी दिसते, आणि मग तीच मंडळी त्या बिचारीला नावे ठेवतात.

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत आषाढाच्या पावसात वाकून भाताची लावणी करणाऱ्या मुलीचा रंग उन्हापावसाने घडलेला असतो. गीतरत्नातील वधूही सावळीच आहे. भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले आणि उन्हाने तिला रापवले. आपल्या सावळेपणाची तिला लाज नाही, आणि तिच्या प्रियकरालाही तो खुपत नाही. विवाहसंस्कारात वधू आणि वर हेच एकमेकांना संस्कार देणारे असतात, धर्मगुरू केवळ साक्षी असतो, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जी स्वतः संस्कार देणारी, तिला त्या घटकेला स्वतःचाच रंग लपवायला सांगणे आम्हाला क्रूर वाटते.

या मागणीवर मोठा बाजार उभा आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. डबीवरचा शब्द बदलला. लग्नाच्या बोलणीतला शब्द अजून बदललेला नाही. त्याची किंमत कधी कधी प्रकृतीने चुकवावी लागते. अकोल्यातील एका कुटुंबातील तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना २०२२ साली मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला. शोध घेता घेता दोष त्यांच्या वापरातील गोरेपणाच्या क्रीमवर आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने त्यात पारा असल्याचे आढळले. पारा त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. परंतु तोच पारा त्वचेवाटे शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांत साचतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरावयाची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत पाऱ्याचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. तरीही बेनामी डब्या विकल्या जातात, कारण त्या मागणारे आपण आहोत.

येथे कोणी म्हणेल, अकोल्याचे ते क्रीम एका ब्युटिशियनकडूनच घेतलेले होते, मग ती निर्दोष कशी? प्रश्न रास्त आहे. कारागिरालाही विवेक असतो आणि त्याने तो वापरलाच पाहिजे. महाराष्ट्राने याचा आदर्श फार पूर्वी पाहिला आहे. विधवांचे केशवपन ही रूढी असताना १८९० साली जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. रूढी त्यांनी घातलेली नव्हती, ती यजमानांची होती. तरीही आपल्या हातांनी हे पाप होणार नाही, असे म्हणण्याचे धैर्य त्या कष्टकऱ्यांनी दाखवले. आजच्या ब्युटिशियन भगिनींनीही, “ताई, हिचा रंग सुंदर आहे, मी तो झाकणार नाही,” असे म्हणावे, ही आमची विनंती आहे. मात्र त्या एका वाक्यासाठी तिचे गिऱ्हाईक तुटत असेल, तर तिच्या मौनाचा दोष गिऱ्हाइकावर अधिक येतो.

खर्चाचा आक्षेप उरतो. कर्ज काढून लग्न करणे आम्हालाही मान्य नाही. पण काटकसर सुरू होते कोठून? मंडप, बँड, जेवणावळी यांचे आकडे निमूटपणे मान्य होतात आणि घासाघीस होते ती ब्युटिशियनशी. करवल्यांचे मेकअप ‘त्यातच’ करून मागितले जातात, उरलेली रक्कम ‘नंतर या’ म्हणून टांगली जाते, आणि पंगतीत तिला पान वाढण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे शास्त्राच्या दृष्टीने पाप आहे. पेटीत फावड्याऐवजी ब्रश असल्याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून येत्या लग्नसराईत आपल्या कुटुंबांनी चार गोष्टी कराव्यात. मोबदला आधी ठरवावा आणि त्याच दिवशी चुकता करावा. वधूच्या मूळ रंगाशी जुळणारेच प्रसाधन लावावे, असे स्पष्ट सांगावे. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नाही, ती घरात येऊ देऊ नये. आणि स्थळ पाहताना ‘रंग कसा आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला, तो कितीही ज्येष्ठ असो, तेथल्या तेथे थांबवावे. ही चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण तो प्रश्न बहुधा आपल्याच घरातले कोणीतरी विचारत असते.