हाताला न कळणारी झीज

डिस्क ब्रेकची रचना करणाऱ्यांनी चालकाची सोय इतक्या कटाक्षाने पाहिली आहे की पॅड झिजत झिजत अखेरच्या थरापर्यंत आले तरी त्याची वर्दी हाताला मिळत नाही, आणि घरोघरी मोटारसायकल उभी असलेल्या आपल्या समाजाचे या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, असे मला वाटते. १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० या गाडीच्या पुढच्या चाकावर ही डिस्क आली, तरी आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे ड्रम ब्रेकचाच अंमल होता. त्याचे लायनर झिजले की लिव्हर सैल पडे, ब्रेक ताणून घ्यावा लागे, व त्या निमित्ताने झिजेची दखल आपोआप घेतली जाई. डिस्कच्या कॅलिपरमधला पिस्टन मात्र पॅड जितके झिजतील तितका पुढे सरकून तेथेच मुक्काम करतो, त्याच्यामागे रिती झालेली जागा हँडलवरील डबीतले ब्रेक ऑइल भरून काढते, आणि लिव्हर पूर्ववत ताठच लागते.

म्हणून ही तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. विजेरी घेऊन कॅलिपरच्या फटीत पाहिले असता पॅडवरील खाच नाहीशी होत आलेली दिसली, तर पुढच्या सर्व्हिसिंगची मुदत पाहत बसू नये. पावसाळ्यात चिखलाच्या पाण्याने पॅड मधल्या मध्येच संपू शकतात, आणि मग मागची लोखंडी पट्टी डिस्कला घासून तिच्यावर चर पाडते. गॅरेजमधल्या कारागिरांविषयी मला आदर आहे. तथापि ज्या गाडीवर आपण घरच्या माणसांना मागे बसवितो तिचे हे काम एकदा तरी स्वतःच्या हातांनी करावे, असा माझा आग्रह आहे.

काम अवघड नाही, परंतु त्यात हयगय खपत नाही. जुने पॅड काढल्यावर पिस्टनचा बाहेर आलेला भाग काळ्या किटाने माखलेला दिसतो. तो तसाच आत दाबला तर ते कीट रबरी सीलला इजा करते, म्हणून ब्रेक क्लीनरने भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने तो चकचकीत होईतो पुसावा. पिस्टन आत जाताना तेल उलट वर चढते. पातळी उतरली म्हणून मध्यंतरी कोणी भर घातली असेल तर ते डबीतून उतू जाऊन टाकीचा रंग खाते, याकरिता डबीभोवती जाड फडके गुंडाळून जास्तीचे तेल आधीच काढून घ्यावे. नव्या पॅडच्या पृष्ठभागाला तेलाचे बोटही लागता कामा नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोल्ट आवळल्यानंतरची. आत दाबलेला पिस्टन पॅडपासून दूर असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर सरळ मुठीला टेकते आणि ब्रेक मुळीच लागत नाही. तेव्हा गाडी फाटकाबाहेर नेण्यापूर्वी, ती जागीच उभी ठेवून, लिव्हर ताठ होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावी, आणि डबीतली पातळी पाहून झाकण लावावे. नवे पॅड डिस्कच्या जुन्या झिजेशी जुळण्यास काही अवधी घेतात व तोवर पुरती पकड देत नाहीत. तेवढे दिवस पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखून, मधूनमधून हलका ब्रेक लावीत गाडी चालवावी, आणि ताम्हिणी घाट उतरण्याचा बेत ठरला असेल तर तो पुढच्या रविवारावर टाकावा.