कन्सोलचे कैवारी

व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरून, म्हणजे कन्सोलवरून, चालणारे वाद ही पोरासोरांची भांडणे. त्यांच्याशी साहित्याच्या अभ्यासकाला काय कर्तव्य, अशी भूमिका आमच्या व्यवसायबंधूंत सर्रास आढळते. ती आम्हांला मान्य नाही. प्लेस्टेशन श्रेष्ठ की एक्सबॉक्स, या प्रश्नावर पदवीच्या वर्गातली मुले ज्या हिरिरीने बोलतात, त्या हिरिरीने ती कोणत्याही कादंबरीवर बोलत नाहीत. त्यांच्याजवळ आकडे असतात, पुरावे असतात, प्रतिपक्षाची जुनी विधाने तोंडपाठ असतात. नसते ती एकच गोष्ट : आपण वापरतो ते शब्द कुणाचे, याची जाणीव. आणि शब्द कुणाचे हे विचारणे तर आमचेच काम आहे.

१९८९ साली सेगा कंपनीने जेनेसिस हे यंत्र अमेरिकेत आणले आणि निन्टेन्डोच्या नावावर कोटी करणारी जाहिरात केली : तिला जे जमत नाही ते आमचे यंत्र करते. १९९१ मध्ये निन्टेन्डोचे नवे यंत्र तेथे आले. त्यानंतर सेगाने ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’ अशी एक शब्दजोडी बाजारात सोडली. जेनेसिसच्या प्रोसेसरचा वेग सुमारे ७.६ मेगाहर्ट्झ, तर प्रतिस्पर्ध्याचा ३.६ च्या आसपास, एवढे खरे. पण निराळ्या घडणीच्या प्रोसेसरांची अशी तुलना फारसे काही सांगत नाही, आणि रंगांच्या बाबतीत निन्टेन्डोचेच यंत्र सरस होते. तरी शाळकरी मुलांनी तो शब्द उचलला व एकमेकांच्या अंगावर फेकला. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवण्याचा व्यवसायच सोडला आणि त्याच वर्षाअखेरीस तिचा सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रांवर धावू लागला. सेनापती शत्रूच्या चाकरीला लागले. शिपाई मात्र अजून खंदकात आहेत.

आपल्याकडे त्याच दशकात टीव्हीला जोडायची नकली यंत्रे घरोघर आली होती. ती मूळ कोणाची, हे कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणी विचारतही नव्हते. खेळाला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू, आणि ती कॅसेट चाळीतल्या चार घरांतून फिरून परत येई (कधी येतही नसे). निष्ठा नव्हती, म्हणून युद्धही नव्हते.

यावर कोणी म्हणेल, पक्ष तर साहित्यातही पडतात. फडके-खांडेकर वादात कलावादी आणि जीवनवादी एकमेकांवर तुटून पडलेच ना? पडले, परंतु तो वाद वाचणाऱ्याला ग्रंथालयातून दोघांचीही पुस्तके आणता येत होती, आणि बहुतेक वाचक तशी आणतही. कन्सोलचे तसे नाही. २००६ साली प्लेस्टेशन ३ चे मोठे मॉडेल अमेरिकेत ५९९ डॉलरला होते. एवढा पैसा एका घरातून दोनदा निघत नाही. त्यात काही गेम मुद्दाम एकाच यंत्रावर बंदिस्त ठेवलेले. एखादी कादंबरी तिच्या प्रकाशकाने विकलेल्या कंदिलाच्या उजेडातच वाचता येईल अशी व्यवस्था असती, तर आपली समीक्षाही कदाचित वातीच्या जाडीवर झाली असती. जे घ्यायचे राहिले ते वाईटच होते, असे स्वतःला पटवण्याची गरज या वादाच्या मुळाशी आहे. रसिकतेशी तिचा संबंध थोडा. गंमत म्हणजे २०१३ पासून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही मुख्य कन्सोलांतील प्रोसेसर एएमडी या एकाच कंपनीच्या रचनेचे आहेत.

२०१३ हे साल आणखी एका कारणाने पाहण्याजोगे आहे. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा केली आणि पाठोपाठ त्याच्या अटी उघड झाल्या : यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे, आणि विकत घेतलेला गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने येणार. ग्राहक खवळले. जूनमध्ये सोनीने, आपल्या यंत्रावरचा गेम मित्राला कसा द्यावा याचे ‘प्रशिक्षण’ देणारी काही सेकंदांची चित्रफीत काढली. तीत एकाने दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवली, इतकेच. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. तेवढे चार आठवडे हा वाद खऱ्या प्रश्नावर होता, आणि तो जिंकला गेला. नोव्हेंबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स’ आला. तो प्लेस्टेशन ४ वर १०८० आणि एक्सबॉक्स वनवर ७२० रेषांचा आहे असे कळताच कैवारी पुन्हा रेषा मोजू लागले.

तो खरा प्रश्न आमच्या घरचा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. विकत घेतलेली प्रत पुढे विकण्याचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली मान्य केला, तो एका कादंबरीच्या निमित्ताने. ‘द कास्टअवे’च्या प्रकाशकाने एका डॉलरपेक्षा कमी किमतीला ही प्रत विकू नये असे पुस्तकातच छापले होते, मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची अशी हुकमत चालत नाही, असा निकाल झाला. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांवर ज्यांचा व्यासंग पोसला गेला, त्या आमच्यासारख्यांना याचे मोल निराळे सांगायला नको.

२०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी डिस्क न लागणारी स्वस्त यंत्रेही आणली. २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो बाजारात आला तेव्हा ७०० डॉलरचा होता. त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, हवा तर वेगळा घ्यावा. फर्मान काढून जे साधले नव्हते ते खाच बुजवून साधले. या काळात कैवारी १२ टेराफ्लॉप मोठे की १०.२८, यावर हातघाईला आले होते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. एखाद्या वाङ्मयाची अशी स्थिती असती तर आम्ही परिसंवाद भरवले असते.

स्पर्धेमुळे किमती उतरतात, म्हणून हे भांडण ग्राहकाच्या हिताचेच, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. किमती उतरतात हे खरे. पण उतरतात त्या सोडून जाऊ शकणाऱ्या ग्राहकासाठी. जो काही झाले तरी आपल्याच झेंड्याखाली उभा राहणार, त्याच्यासाठी कोणती कंपनी किंमत उतरवील?

अध्यापकांनी मुलांना कन्सोल सोडायला सांगावे असे आम्ही म्हणत नाही. गेमच्या दुकानातले ‘खरेदी करा’ हे बटण आणि त्यामागचा परवान्याचा मजकूर शैलीविज्ञानाच्या तासाला शेजारी ठेवून वाचावेत. २००९ साली अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती परत खेचून घेतल्या, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, आणि पैसे परत करून. तरी तीही त्या ग्राहकांनी ‘खरेदी’च केलेली होती. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. त्यानुसार, ग्राहकाच्या हाती पडते तो केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्यावाचून, डिजिटल वस्तूच्या विक्रीत ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. एका क्रियापदाचा अर्थ तपासायला तेथे विधिमंडळ बसले. आमच्या अभ्यासमंडळांपुढे तो विषय अजून यायचा आहे.